स्वभाव-समीकरण

४ जून

भाऊजींना नमस्कार,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे उघडलंच नाहीत, तर प्रश्नच मिटला. उघडलंत असं धरून लिहिते.

काम लहानसं आहे. तुम्ही आणि ह्यांनी मिळून लिहिलेल्या बीजगणिताच्या पुस्तकाबद्दल प्रकाशकांकडे एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय. मॅट्रिक्सवरून ते समीकरण काढायला शिकवणारं प्रकरण आहे ना (समीकरणाचं नाव मी घेत नाही, नवऱ्याचंही घेत नाही), त्यातलं एक गणित. पहिल्या ओळीत चार आणि एक, दुसरीत दोन आणि तीन. मागे उत्तर छापलंय: लॅम्डाचा वर्ग अधिक सात लॅम्डा अधिक दहा बरोबर शून्य. मुलगी म्हणते हे चुकलंय, आणि या उत्तरापायी तिने स्वतःलाच मठ्ठ ठरवून घेतलं होतं. प्रकाशकांना नवी आवृत्ती काढायचीय. अभ्यासक्रम बदललाय, तेव्हा लेखकांपैकी कुणीतरी सगळं पुस्तक एकदा डोळ्यांखालून घालावं, असं ते म्हणतात.

ह्यांना विचारा, असं तुम्ही म्हणाल. हे जरा दमलेत सध्या. ऊन बाधलं. बाकी काही नाही.

तुम्ही फोन उचलत नाही हे जगजाहीर आहे, म्हणून पत्र. उत्तर घरी पाठवू नका. माझ्या बियाणे-तपासणीच्या प्रयोगशाळेचा पत्ता मागे लिहिलाय, तिथे पाठवा. घरी पोस्टमन आला तर दिवसा दार उघडायला कुणी नसतं.

वहिनी


२१ जून

भाऊजी,

कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुमचं पत्र, आणि त्यात मोजून मापून दोन वाक्यं. ‘अधिक सात नव्हे, वजा सात. तो आजारी असेल तर घरीच असणार, मग दार उघडायला कुणी कसं नसतं?’

गणितवाल्याशी खोटं बोलायचं तर बरीच तयारी लागते. माझी नव्हती.

फेब्रुवारीत एका सकाळी चहा घेताना ह्यांच्या हातातला कप कलंडला. मी म्हटलं, “अहो, लक्ष कुठंय?” त्यांनी माझ्याकडे बघून काहीतरी उत्तर दिलं, पण त्यात शब्दच नव्हते. नुसते आवाज. ते मात्र असे बघत होते, की एवढं स्पष्ट बोलतोय तर हिला कळत का नाही.

उजवा हात गेला. पाय ओढत, काठी घेऊन चालतात. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर सांगतात. मला ते डॉक्टरांकडून कळायची गरज नाही, डोळे दिसतात ना. वाचा तेवढी गेली. एकच शब्द राहिला, आणि तो म्हणजे ‘बरोबर’. चहा देऊ? बरोबर. पाय दुखतोय? बरोबर. दुखत नाहीये? बरोबर. ज्या माणसाने सगळी नोकरी पोरांच्या पेपरांवर लाल शाईने ‘चूक’ लिहिण्यात काढली, त्याच्याकडे नेमका हा शब्द राहावा! पहिल्या वेळी मी हसले. नंतरचं लिहीत नाही.

बोलणं सुधारायला एक बाई येतात. तरुण आहेत, मायाळू आहेत. चित्रांची कार्डं आणतात. कंगवा, छत्री, कुत्रा. “काका, हे काय आहे?” तिसऱ्या खेपेला ह्यांनी सगळी कार्डं गोळा केली, डाव्या हाताने त्यांच्या कडा जुळवल्या, बाईंच्या पिशवीत ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून बाई येतात आणि माझ्याशी गप्पा मारून जातात. कॉलेजातले लोक भेटायला आले, तर हे डोळे मिटून पडून राहिले. मग मीच सांगायला लागले, की दार वाजलं तरी उघडू नका.

भांडणाचा विषय काढणार नव्हते, पण बसल्या बसल्या तीच संध्याकाळ आठवते. आमच्या जेवणाच्या टेबलावर तुमचे कागद पसरलेले. मी विचारलं होतं, एवढं डोकं कशात घालून बसलाय? तुम्ही समजावलं होतंत: मॅट्रिक्स ही बाणांना वळवते. कुठलाही बाण द्या, तो तिसरीकडेच तोंड करून बाहेर येतो. पण काही मोजक्या दिशा अशा असतात, की त्या दिशेचा बाण वळतच नाही. जागच्या जागी लांब होतो, नाहीतर आखूड. किती पट होणार, ते ज्या समीकरणातून निघतं त्याला मराठीत काय म्हणायचं, यावर तुमचं अडलं होतं.

तुम्ही म्हणालात, “स्वभाव-समीकरण. ती मॅट्रिक्स मुळात कशी आहे, ते त्यातून कळतं.”

हे म्हणाले, “मॅट्रिक्सला कसला आलाय स्वभाव? ती काय सून आहे?” ह्यांचा शब्द ‘अभिलक्षणिक समीकरण’.

तुम्ही म्हणालात, “हा शब्द फळ्यावर लिहून होईपर्यंत तास संपतो.”

तुमची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, आणि मी पोट धरधरून हसलो. तुम्ही दोघं हसत नाही आहात, हे आमच्या लक्षातच आलं नाही. पुस्तक ह्यांच्या शब्दासकट छापलं गेलं आणि दुसऱ्या आवृत्तीवरून तुम्ही आपलं नाव काढून घेतलंत. लोक घरावरून भांडतात, बांधावरून भांडतात. तुम्ही एका शब्दावरून अबोला धरलात.

तुम्ही या, असं मी म्हणत नाहीये. त्यांना चालायचं नाही. दार कोण उघडत नाही एवढंच सांगितलं.

वहिनी


१५ जुलै

भाऊजी,

तुमच्या पाकिटात पत्र असेल म्हणून मी ते उलटं करून झटकलं. नुसता एक कागद, त्यावर नऊ आकडे. शून्य, शून्य, सहा. एक, शून्य, वजा अकरा. शून्य, एक, सहा. सही नाही की खुशाली नाही. वैतागले मी. मग वाटलं, पाकीट माझ्या नावाचं असलं तरी कागद माझ्यासाठी नसावा.

सकाळी तो त्यांच्या वर्तमानपत्राच्या घडीत घातला आणि मी भांडी आवरत बसले. पाठ त्यांच्याकडे, कान त्यांच्याकडे.

पान उलटल्याचा आवाज आला आणि मग थांबला. वळून बघितलं तर हे कागद डोळ्यांजवळ धरून बसलेले. तुमचा सहा ओळखला त्यांनी. असा पोट सुटलेला सहा दुसरं कोण काढतं? तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. मग टेबलावर बोटांनी टकटक केली आणि हवेत लिहून दाखवलं. पेन्सिल हवी होती. हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू.

मला वाटलं, आता पानभर मांडणी होणार. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या आकड्यांत त्यांनी एकच ओळ लिहिली: लॅम्डाचा घन वजा सहा लॅम्डावर्ग अधिक अकरा लॅम्डा वजा सहा बरोबर शून्य. खाली उत्तरं: एक, दोन, तीन. आणि तुमच्या शेवटच्या उभ्या रांगेभोवती जोरात गोल काढला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सहा, वजा अकरा, सहा! उत्तर तुम्ही गणितातच ठेवून दिलं होतं, नुसती चिन्हं फिरवायची होती.

गोलाशेजारी त्यांनी लिहिलं, ‘सोपं’. त्याच्याखाली अशी रेघ ओढली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

ह्यांना राग आला, भाऊजी! आजारी माणूस म्हणून तुम्ही घास भरवल्यासारखं गणित दिलंत, याचा राग. मला तुमचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी कामावर डबा उघडला तर वर घडी केलेला कागद. म्हणजे मी कुठून कुठे कागद नेते हे त्यांना कळलंय. त्यावर चारच आकडे: शून्य, वजा एक, एक, शून्य. सोबत पाठवतेय. मला यातलं काही कळत नाही. दिसायला तर तुमच्यापेक्षाही सोपी वाटते.

आणखी एक सांगायचंय. तुमच्या घरच्या वहिनी वारल्या तेव्हा मी एकटीच आले होते, असं तुम्हाला वाटतं. हे खाली टॅक्सीत होते. मी तुमच्याकडून उतरून आले तेव्हा टॅक्सीवाला त्यांना पाणी देत होता. म्हणाला, “साहेब जिन्यापर्यंत गेले, कठड्याला धरून उभे राहिले आणि परत आले.” घरी आल्यावर ह्यांनी बजावलं, की त्याला कधीही सांगायचं नाही. आता त्यांना मला बजावता येत नाही. मी त्याचा गैरफायदा घेतेय.

वहिनी


२६ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र प्रयोगशाळेत वाचलं. ‘ही मॅट्रिक्स कुठल्याही बाणाला काटकोनात वळवते. एकही दिशा तिच्यातून सरळ बाहेर पडत नाही. समीकरण लॅम्डाचा वर्ग अधिक एक बरोबर शून्य, आणि त्याला आपल्या नेहमीच्या संख्यांत उत्तर नाही. वहिनी, त्याला म्हणायचंय, की आता त्याला कुठली दिशाच उरली नाही. गुरुवारी सकाळी पोहोचतो.’

वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. समोर ओल्या कागदावर मेथीचं बी मांडलेलं होतं. जे उगवत नाही ते आम्ही लगेच मेलेलं धरत नाही. चिमट्याने दाबून बघतो. घट्ट लागलं तर ते निराळ्या रकान्यात जातं. एरवी मी हे गाणं गुणगुणत करते. आज शेजारच्या टेबलावरची विचारत होती, “बाई, एकेका दाण्याला एवढा वेळ?”

असो. येताय तर ऐकून ठेवा. त्यांच्यासमोर रडायचं नाही. ते एखाद्या शब्दापाशी अडले तर तो तुम्ही पुरवायचा नाही. थांबायचं, कितीही वेळ लागला तरी. मोठ्याने बोलू नका, ते बहिरे झालेले नाहीत. ‘बरोबर’ म्हणाले तर लगेच खूश होऊ नका.

तुम्ही येताय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. आमचाही जिना आहे. दम खायला वाटेत हवं तितकं थांबा, पण वर या.

वहिनी


१२ ऑगस्ट

भाऊजी,

पोहोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही विचारलंय, की तुम्हाला आत सोडून मी स्वयंपाकघरात का पळाले, आणि पाण्याचा पेला घेऊन धावत का आले. माझ्या बाजूने काय घडलं ते सांगते, कारण तुम्ही दोघं इतके गुंग होतात की घरात तिसरं माणूस आहे हे विसरलाच होतात.

मी पळाले ती ह्यांचा चेहरा बघवेना म्हणून. तुम्ही दारात उभे होतात, ते खुर्चीत, आणि दोघांच्याही हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. तुम्ही किती म्हातारे झालायत, भाऊजी! तेही तेच बघत असणार.

खोलीतून तुमचा आवाज आला. भरलेला. मी बजावलं होतं तरी.

“कळलं रे मला तुझं गणित. याला उत्तरच नाही, असं लिहिलंस ना तू मला? उत्तरच नाही—”

“चूक!”

माझ्या हातून झाकण पडलं. खणखणीत, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावं तसं. सहा महिन्यांत त्या घशातून ‘बरोबर’शिवाय काही निघालं नव्हतं. डोकावले तर ह्यांचे खांदे हलत होते. मी समजले, रडतायत. म्हणून पाणी घेऊन धावले. तर हे हसत होते! कागदावर तुमच्या नाकासमोर लिहिलं होतं: अधिक आय, वजा आय. आणि तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात.

तुम्ही मला नंतर जिन्यात समजावलंत, की नेहमीच्या संख्या सोडून थोडं पलीकडे गेलं, वजा एकचं वर्गमूळ, म्हणजेच ते आय, चालवून घेतलं, की त्या मॅट्रिक्सलाही आपली उत्तरं मिळतात. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे येतं, आणि तुम्ही त्यात अडकलात. मला जिन्यात त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ‘चूक’ एवढंच कानात घुमत होतं.

तुम्ही गेल्यावर मी त्यांना विचारलं. “खरं सांगा, तो कागद पाठवला तेव्हा मनातून खचला होतात म्हणून पाठवलात आणि भाऊजींना बघून पलटी मारलीत, की पहिल्यापासून त्यांची फिरकीच घ्यायची होती?”

म्हणाले, “बरोबर.”

दुसऱ्या दिवशीच्या आरडाओरड्याबद्दल तुम्ही माफी मागितलीय. कशाची माफी? मी भाजी चिरत ऐकत होते. तुम्ही म्हणालात, “नव्या आवृत्तीतही तुझाच शब्द राहू दे. अभिलक्षणिक. पोरांना सवय झालीय त्याची.” मग ह्यांचं सुरू झालं. “स्व… स्व…” तुम्ही शब्द पुरवला नाहीत. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, माझी सुरी थांबली होती, आणि तुम्ही पुरवला नाहीत. त्याबद्दल मी तुमची जन्माची ऋणी आहे.

“स्वभाव,” हे म्हणाले.

“नाही, नाही. तुझाच.”

“चूक!”

“अरे, पण पुस्तक तुझ्या शब्दाने चाललं इतकी वर्षं—”

“चूक! चूक!”

तेव्हा आपापल्या शब्दासाठी भांडलात, आता एकमेकांच्या. बोलणं शिकवणाऱ्या बाई त्याच वेळी दारात येऊन उभ्या राहिल्या. घाबरून म्हणाल्या, “आत काय चाललंय?” मी म्हटलं, “बसा. आज तुमचीच शिकवणी चाललीय.”

त्या आता कार्डं आणत नाहीत. पुस्तकच समोर ठेवतात. ह्यांनी परवा त्यांच्यापुढे ‘अभिलक्षणिक’वर बोट ठेवलं. बाईंची जीभ अडखळली तसे हे लहान मुलासारखे खूश झाले. दिवसाला एखादा नवा शब्द येतो, एखादा आलेला परत जातो. पूर्वीसारखे बोलतील असं डॉक्टर म्हणत नाहीत आणि मी विचारत नाही.

प्रकाशकांना मी कळवून टाकलंय, की एक शब्द मथळ्यात घाला, दुसरा कंसात, आणि पुस्तकावर दोघांची नावं. कंसात कुठला, ते तुम्ही दोघं ठरवा. भांडा सावकाश.

वहिनी


३ सप्टेंबर

भाऊजी,

दुरुस्त केलेली शेवटची पानं सोबत आहेत. मुलीचं ते वजा सात ह्यांनी स्वतः घातलंय, आणि शेजारी तिचे आभार मानायला प्रकाशकांना सांगितलंय. तुमच्या हिश्शाच्या पानांवरही बऱ्याच ठिकाणी लाल शाई दिसेल. मी रोखायला गेले नाही.

आज घरात भांडण झालं. तुमच्याशी नव्हे, माझ्याशी.

पानं पाकिटात घालून मी म्हटलं, संध्याकाळी टपालपेटीत टाकीन. हे म्हणाले, “नाही. मी.”

म्हटलं, बरं, दोघं जाऊ. “नाही. मी.”

म्हटलं, रस्ता ओलांडायचाय, समोरून वाहनं येतात, फुटपाथ उखडलाय, कुणी काही विचारलं तर सांगता यायचं नाही. “मी. मी!”

आणि मी ओरडले. आजारपणात मी त्यांच्यावर एकदाही ओरडले नव्हते. खायला काय, घालायचं काय, झोपायचं कधी, सगळं मी ठरवायचे, आणि तेही हळू आवाजात, आणि ते ‘बरोबर’ म्हणायचे. आज मी आवाज चढवला, की तुम्हाला माझ्या जिवाची काही पर्वा आहे की नाही? तेही ओरडले. शब्द पुरेनात तेव्हा त्यांनी काठी आपटली. शेजारीण गॅलरीतून डोकावून गेली. मी रागाने स्वयंपाकघरात आले, नळ सोडला आणि रडून घेतलं. रडता रडता लक्षात आलं, की आमचं पूर्वी अगदी असंच भांडण व्हायचं. मला किती बरं वाटलं ते कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

बाहेर आले तर पँट बदलून बसलेले. म्हटलं, “जा. पण शर्टाच्या खिशात आपला पत्ता ठेवायचा.” त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांचीही एक अट आहे: मी गॅलरीत उभं राहून बघायचं नाही. मी कबूल केलंय.

पडद्याआडून बघण्याबद्दल काही ठरलेलं नाही.

आता ते दारात उभे आहेत. चपलेचा पट्टा स्वतः लावलाय, पीळ पडलाय त्याला; मी गप्प आहे. पाकिटासाठी हात पुढे केलाय आणि मी अजून लिहितेय म्हणून काठीने उंबरठ्यावर ठकठक चाललीय. बंद करते.

हे तुमच्या हातात पडलं, म्हणजे ते पेटीपर्यंत पोहोचले. परत आले की नाही ते पुढच्या पाकिटावरच्या अक्षरावरून ओळखा. ते पाकीट ह्यांनीच लिहायचं म्हणून ठेवलंय.

वहिनी